हिरोशिमाचे वैमानिक आणि त्यांचे उत्तरायुष्य

इ. स. पूर्व २६१ च्या सुमारास कलिंगाचे युद्ध झाले. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात त्या युद्धाचा हिशेब आहे. दीड लक्ष माणसे धरून नेली, एक लक्ष मारली गेली आणि त्याच्या कित्येक पटींनी आणखी मेली, असे तो लेख सांगतो. एवढ्यावरच तो थांबत नाही. ब्राह्मण, श्रमण आणि आपला संसार सांभाळून राहणारे गृहस्थ यांच्यावर जे घाव पडले, त्यांची जी आप्तमाणसे दुरावली, त्याचे दुःख राजास अधिक जड वाटले, असेही त्यात म्हटले आहे. शस्त्र हाती न धरलेल्या प्रजेच्या मरणाची अशी नोंद विजेत्या राजाने स्वतः करून ठेवावी, ही इतिहासातील फार विरळा गोष्ट होय. जाता जाता सांगावयास हवे की, हा लेख खुद्द कलिंग देशात, म्हणजे धौली व जौगड येथे, कोरलेला नाही. तेथे त्याच्या जागी वेगळे लेख आहेत. ज्यांची माणसे गेली त्यांच्या डोळ्यांसमोर तो हिशेब मांडणे राजासही अवघड वाटले असावे.

परंतु हा पश्चात्ताप राजाचा आहे. ज्यांच्या हातांनी ती माणसे मारली गेली ते सैनिक पाटलिपुत्रास परतल्यावर कसे जगले, त्यांस झोप लागली की नाही, आपल्या मुलांस त्यांनी काय सांगितले, याविषयी शिळा मूक आहेत. इतिहास बहुधा आज्ञा देणाऱ्यांचाच असतो. आज्ञा पाळणाऱ्यांचे मन जाणून घ्यावयाचे तर आपणांस पुराणांकडे वळावे लागते. भीष्मपर्वाच्या आरंभी दोन्ही पक्ष युद्धाचे नियम ठरवितात. सारथी, ओझी वाहणारी जनावरे, शस्त्रे पुरविणारे, नगारे आणि शंख वाजविणारे यांच्यावर प्रहार करू नये, असे त्यांत ठरते. अठरा दिवसांत ते नियम एकामागून एक मोडतात, आणि शेवटी अश्वत्थामा रात्री पांडवांच्या शिबिरात शिरून निजलेल्यांस ठार करतो. त्यानंतरचा अश्वत्थामा आपल्या घराघरांतील आजींनी सांगितलेला आहे. डोक्यावरची भळभळती जखम घेऊन, दारोदार तेल मागत, चिरंजीव होऊन तो फिरतो आहे. निरपराध्यास मारणाऱ्या योद्ध्याचे पुढे काय व्हावे, याविषयीची लोकांची अपेक्षाच या कथेत साठविलेली आहे. ही अपेक्षा वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

विसाव्या शतकात एक असा प्रसंग घडला की, ज्यात आज्ञा पाळणाऱ्यांची नावे, चेहरे आणि उत्तरायुष्य ही सर्व जगापुढे राहिली. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा व नागासाकी या नगरांवर अणुबाँब टाकण्यास जी अमेरिकन विमाने गेली, त्यांतील माणसे मोजकी होती. पुढील साठ-सत्तर वर्षे वार्ताहर, इतिहासकार आणि मानसशास्त्रज्ञ त्यांच्या मागे होते. बाँब टाकणाऱ्या ‘एनोला गे’ विमानावरील बारा जणांपैकी शेवटचे, मार्गदर्शक थिओडोर व्हॅन कर्क, हे २०१४ साली वारले. निःशस्त्र प्रजेचा संहार आपल्या हातून झाला, हे सत्य घेऊन माणूस पुढे कसा जगतो, या प्रश्नाचा अभ्यास करावयास याहून भरीव साधन क्वचितच सापडेल.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. आकाशातून नगरे जाळण्याचा प्रकार हिरोशिमापासून सुरू झाला नाही. १९४५ च्या मार्च महिन्याच्या ९ तारखेस रात्री तीनशेहून अधिक बी-२९ विमाने टोकियोकडे निघाली. सेनापती कर्टिस लमे यांनी त्या रात्री विमाने मुद्दाम खालून, पाच ते नऊ हजार फुटांवरून, नेली. लाकडी घरांच्या दाट वस्तीवर आगीचे बाँब पडले. एका रात्रीत सुमारे एक लक्ष माणसे मेली असा अंदाज आहे. पाठीमागून येणाऱ्या विमानांतील लोकांस जळणाऱ्या माणसांचा वास आला. कित्येकांस ओकाऱ्या झाल्या. काहींनी तो वास टाळण्यासाठी प्राणवायूचे मुखवटे चढविले. हे त्या वैमानिकांनी स्वतःच पुढे सांगितले आहे.

हिरोशिमावर मात्र वास पोहोचला नाही. ६ ऑगस्ट रोजी सकाळी सव्वाआठ वाजता सुमारे ३१,००० फुटांवरून बाँब सुटला. तो फुटेपर्यंत ४३ सेकंद गेले. तेवढ्या वेळात विमान वळून पळू लागले होते, आणि धक्का येऊन आदळला तेव्हा ते सुमारे १८ किलोमीटर दूर होते. आयोई नावाचा इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा पूल हे नेमाचे ठिकाण होते. बाँब सोडणारे टॉमस फेरेबी यांस दुर्बिणीतून पूल दिसला, नदीच्या शाखा दिसल्या, छपरे दिसली; माणूस दिसला नाही. नंतर भूछत्राच्या आकाराचा ढग दिसला आणि त्याच्या बुडाशी उकळत्या डांबरासारखे काहीतरी काळे. त्या काळ्याखाली जे होते त्यातील एक गोष्ट शिक्षक या नात्याने मला सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या सकाळी हिरोशिमातील हजारो शाळकरी मुले, बहुतेक बारा-तेरा वर्षांची, वर्गात नव्हती. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरे पाडून मोकळे पट्टे करण्याचे काम त्यांना दिले होते, आणि ती नगराच्या मध्यभागी उघड्यावर राबत होती. त्यांच्यातील हजारो त्या दिवशी आणि पुढच्या काही दिवसांत मेली. १९४५ अखेरपर्यंत हिरोशिमातील मृतांची संख्या सुमारे १,४०,००० झाली असे मानतात.

महायुद्धाचा पाठ शिकवीत असता माझ्या वर्गातील एका मुलीने विचारले होते, “त्या विमानातल्या माणसांना खाली मुलं आहेत हे माहीत होतं का?” पाठ्यपुस्तकात याचे उत्तर नाही. खरे उत्तर असे की, माहीत होऊ नये अशीच सारी व्यवस्था होती. उंची ही त्या व्यवस्थेचा एक भाग. शब्द हा दुसरा. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी जगास जी पहिली घोषणा ऐकविली तीत हिरोशिमाचे वर्णन जपानी सैन्याचा एक महत्त्वाचा तळ एवढेच होते. तेथे सेनेची मोठी कचेरी होती, हे खरे. पण ज्या नगरात लाखो लोक राहतात त्यास तळ म्हटले की, वैमानिकाच्या मनातील अर्धे काम झाले. राहिलेले अर्धे आज्ञा करते.

‘एनोला गे’चे मुख्य वैमानिक कर्नल पॉल टिबेट्स त्या वेळी तीस वर्षांचे होते. विमानास त्यांनी आपल्या आईचे नाव दिले होते. पुढे बासष्ट वर्षे ते जगले आणि त्या सर्व काळात एकच उत्तर देत राहिले. मला आज्ञा होती, काम नीट पार पडले, युद्ध लवकर संपले, जपानवर स्वारी करावी लागली असती तर याहून अधिक माणसे मेली असती, आणि मला रोज रात्री शांत झोप लागते, असे ते सांगत. या उत्तरामुळे जगातील कितीतरी लोक त्यांस दगडाच्या काळजाचे समजत. मला स्वतःला तसे वाटत नाही. याचे कारण त्यांनीच सांगितलेली एक जुनी हकीकत. १९४२ साली युरोपात ते बाँबफेक करू लागले तेव्हा खालच्या निरपराध माणसांचा विचार त्यांच्या मनात येऊ लागला होता. त्या वेळी त्यांस तरुणपणी एका डॉक्टराजवळ ऐकलेली गोष्ट आठवली. वैद्यकीचे काही विद्यार्थी रोग्याच्या दुःखाशी इतके एकरूप होत की, त्यांच्या हातून उपचारच होईना. शेवटी डॉक्टरकी सोडून ते औषधे विकत फिरू लागले. आपणही खालच्या माणसाचा विचार करीत राहिलो तर वैमानिक म्हणून निरुपयोगी ठरू, असे टिबेट्स यांनी मनाशी ठरविले आणि तो विचार बंद केला.

यात क्रौर्य नाही. येथे शिस्त आहे, आणि ती जाणीवपूर्वक शिकलेली आहे. पण डॉक्टर आणि बाँब टाकणारा यांच्यात एक भेद आहे आणि तो या दृष्टांतात नजरेआड झाला आहे. डॉक्टर रोग्याचे दुःख विसरतो ते त्याच रोग्यासाठी. हा भेद टिबेट्स यांस कळला नसेल असे वाटत नाही. मात्र एकदा लावलेले दार त्यांनी आयुष्यभर उघडले नाही. युद्ध संपल्यावर ते आणि त्यांचे काही सहकारी नागासाकी पाहावयास गेले होते. तेथे त्यांनी लाकडी तबके व भाताचे वाडगे आठवण म्हणून विकत घेतले. १९६० च्या दशकात अमेरिकन सरकारने त्यांची भारतात सैनिकी कामगिरीवर नेमणूक केली, पण भारतात त्याविरुद्ध ओरड झाली आणि ती नेमणूक मागे घ्यावी लागली. १९७६ साली टेक्सासमधील एका विमानमेळ्यात त्यांनी जुने बी-२९ उडविले आणि खाली भूछत्राच्या आकाराचा खोटा धूर सोडण्यात आला. त्याबद्दल अमेरिकन सरकारास जपानची क्षमा मागावी लागली. २००७ साली ओहायो राज्यात ते वारले. आपली उत्तरक्रिया जाहीरपणे करू नये, थडग्यावर दगड ठेवू नये, कारण विरोधक तेथे जमतील, अशी त्यांची इच्छा होती. त्यांची रक्षा इंग्लिश खाडीवर विखुरण्यात आली. शांत झोप लागणाऱ्या त्या माणसास निजण्यासाठी जमिनीवर जागा सुरक्षित वाटली नाही.

आता दुसऱ्या टोकास असलेल्या माणसाकडे वळू. मेजर क्लॉड ईदर्ली हे बाँब टाकणाऱ्या विमानात नव्हते. त्यांचे विमान हवामान पाहण्यासाठी तासभर आधी हिरोशिमावर गेले होते. ढग विरळ आहेत, पहिले लक्ष्यच घ्यावे, असा संदेश त्यांनी पाठविला आणि ते परत फिरले. या विमानाची चाहूल लागताच हिरोशिमात सात वाजून नऊ मिनिटांनी धोक्याचा भोंगा झाला होता. ते निघून गेल्यावर साडेसातच्या सुमारास धोका टळल्याची खूण झाली, लोक आश्रयस्थानांतून बाहेर पडून कामास लागले. ईदर्लींचा हिरोशिमाशी संबंध एवढाच, पण एवढाही थोडा नव्हे.

१९४७ साली ते सैन्यातून बाहेर पडले आणि त्यांचे जीवन घसरणीस लागले. क्यूबात शस्त्रे पोहोचविण्याच्या एका कटात ते सापडले, चेकवर खोटी सही केली, टेक्सासमधील टपालकचेऱ्या फोडल्या, झोपेच्या गोळ्या घेऊन मरण्याचा प्रयत्न केला. सैनिकांच्या वेड्यांच्या इस्पितळात त्यांची वारंवार रवानगी होऊ लागली. १९५७ च्या सुमारास ही बातमी वर्तमानपत्रांच्या हाती लागली, आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. जगभरच्या पत्रांनी ईदर्लींस हिरोशिमावर बाँब टाकणारा माणूस करून टाकले. पश्चात्तापाने वेडा झालेला वैमानिक अशी त्यांची कीर्ती झाली. व्हिएन्नातील तत्त्वज्ञ ग्युंथर आंडर्स यांनी १९५९ साली त्यांस पत्र लिहिले. दोघांचा पत्रव्यवहार १९६१ साली पुस्तकरूपाने निघाला आणि त्याच्या इंग्रजी आवृत्तीस बर्ट्रंड रसेल यांनी प्रस्तावना लिहिली. हिरोशिमातील होरपळलेल्या काही मुलींनीही ईदर्लींस पत्र धाडले होते. तुमच्याविषयी आमच्या मनात वैर नाही, तुम्हीही आमच्यासारखेच बळी आहात, असा त्याचा आशय होता.

१९६४ साली विल्यम ब्रॅडफर्ड ह्यूई नावाच्या अमेरिकन लेखकाने कागदपत्रे तपासून पुस्तक लिहिले आणि ही मूर्ती फोडली. ईदर्ली मुळातच उडाणटप्पू व जुगारी होते, गुन्हे पैशासाठी केले होते, पश्चात्तापाची भाषा त्यांस इतरांनी शिकविली, असे त्याचे म्हणणे. तेव्हापासून या प्रश्नावर दोन पक्ष आहेत. माझ्या अल्प मतीप्रमाणे दोन्ही पक्ष एकच चूक करतात. माणूस एक तर खरा पश्चात्तापी असावा नाही तर खरा भामटा, हे त्यांनी आधीच गृहीत धरले आहे. एखाद्या दुबळ्या, भरकटलेल्या माणसाच्या मनातही खरे दुःख असू शकते, आणि त्या दुःखाला नाव देण्यास दुसरा कोणी भेटल्यावर ते वाढूही शकते. पण लोकांस त्यांच्यात हवा होता अश्वत्थामा. टिबेट्स स्वस्थ झोपतात हे जगास सहन होत नव्हते. कोणाच्या तरी कपाळी ती जखम दिसल्यावाचून कथा पुरी होत नव्हती. ती ईदर्लींच्या कपाळी सापडली, मग त्यांनी स्वतः बाँब टाकला होता की नाही याची चौकशी कोण करणार? १९७८ साली ते वारले.

वैद्यकशास्त्र त्या काळी या माणसांस फारसे साहाय्य करू शकत नव्हते. युद्धाच्या आघाताने होणाऱ्या मनोविकारास अमेरिकन मानसोपचारकांच्या ग्रंथात आजचे नाव मिळाले ते १९८० साली, व्हिएतनामच्या युद्धानंतर. तेही मुख्यतः भयाविषयीचे होते. भय वेगळे आणि अपराधाची जाणीव वेगळी, हे जोनाथन शे या वैद्यांनी व्हिएतनामच्या सैनिकांवर उपचार करताना १९९० च्या दशकात विशेष स्पष्ट केले. आपल्या हातून किंवा आपल्या वरिष्ठांच्या हातून धर्म मोडला गेला, या जाणिवेने होणाऱ्या इजेस ते नैतिक जखम म्हणतात. त्यांनी आधार घेतला होमरच्या अकिलीझचा. आपल्यापैकी कोणी लिहिते तर शांतिपर्वाच्या आरंभी राज्य नाकारणाऱ्या युधिष्ठिराचा घेतला असता.

आमच्या गावात पायोनिअर कोअरमधून इजिप्तला जाऊन आलेले एक आजोबा होते. वाळवंटातील ऊन, पाण्याची टंचाई, इटालियन कैद्यांची गाणी, यांविषयी ते तासन्तास बोलत. एका विशिष्ट गावाचे नाव निघाले की उठून गाईस गवत घालावयास जात. ते गाव कोणते हे आम्हां मुलांस पाठ होते, पण तेथे काय झाले हे त्यांच्याबरोबरच गेले. अशा गप्प राहणाऱ्यांची गणती कोणत्याही ग्रंथात नाही, आणि संख्येने तेच सर्वांत अधिक असले पाहिजेत.

महाराष्ट्रातील शिपायांनीही तो जळका मुलूख जवळून पाहिला आहे. १९४६ साली जपानचा ताबा घेण्यास राष्ट्रकुलाची जी सेना गेली तीत ब्रिगेडियर थिमय्या यांची २६८ वी हिंदी ब्रिगेड होती, आणि त्या ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे नामदेव जाधव यांची ती हीच पलटण. या सेनेचे बंदर होते कुरे, हिरोशिमापासून अगदी जवळ. सातारा-कोल्हापूरकडील शेतकऱ्यांच्या मुलांनी त्या किनाऱ्यावर पाऊल ठेवले तेव्हा बाँब पडून एक वर्षही झाले नव्हते. त्यांची पत्रे कोणी जपून ठेवली असती तर केवढा ऐवज झाला असता!

तिसरा मार्ग चोखाळणारा माणूस इंग्रज होता. ग्रूप कॅप्टन लेनर्ड चेशायर हे ऑक्सफर्डला कायदा शिकलेले. शंभर बाँबफेकी मोहिमा करून १९४४ साली व्हिक्टोरिया क्रॉस मिळविलेले. जर्मनीतील नगरांवर बाँब टाकण्याबद्दल त्यांनी कधी खेद दर्शविला नाही. परंतु त्यांच्या आयुष्यातील एक रात्र मुद्दाम सांगण्यासारखी आहे. फेब्रुवारी १९४४ मध्ये फ्रान्समधील लिमोझ येथे जर्मनांसाठी विमानांची इंजिने बनविणारा एक कारखाना उद्ध्वस्त करावयाचा होता. रात्रपाळीस तेथे फ्रेंच कामगार होते, त्यांत बहुतेक स्त्रिया. चेशायर यांनी आपले अवजड लँकॅस्टर विमान कारखान्याच्या छपरावरून अगदी खालून तीन वेळा नेले. तोफांची भीती होतीच, शिवाय हल्ला गुप्त राहणार नव्हता. पण खालच्या बायकांस काय होणार ते कळले आणि त्या बाहेर पळाल्या. मग चौथ्या फेरीस त्यांनी खुणेचे बाँब टाकले आणि मागील विमानांनी कारखाना नेमका जमीनदोस्त केला. आज्ञाही पाळली गेली आणि माणसेही वाचली. हे दरवेळी शक्य नसते, हे मान्य. पण शक्य आहे की नाही हे पाहण्यासाठी जो तीन फेऱ्या मारतो त्याच्या मनात खालचा माणूस जिवंत असतो.

याच चेशायरना ९ ऑगस्ट १९४५ रोजी ब्रिटिश सरकारचे निरीक्षक म्हणून नागासाकीच्या मोहिमेवर पाठविले गेले. ठरलेल्या जागी विमानांची गाठ पडली नाही, म्हणून त्यांचे विमान मागे राहिले आणि स्फोट त्यांनी दुरून पाहिला. त्या दिवशी खरे लक्ष्य कोकुरा होते. तेथे धूर व ढग आडवे आले म्हणून नागासाकीची पाळी आली. एका नगराचे प्राण ढगांनी वाचविले आणि दुसऱ्याचे घेतले. उराकामी भागातील वस्ती, तेथील मोठे ख्रिस्ती मंदिर, सर्व भस्म झाले. चेशायर मायदेशी परतले, सैन्य सोडले, काही दिवस इकडे तिकडे धडपडले. १९४८ साली हवाईदलातील एक जुना कर्मचारी कर्करोगाने मरणोन्मुख होता आणि त्यास ठेवून घेण्यास कोणी तयार नव्हते. चेशायर यांनी त्यास आपल्या घरी आणले, त्याची सारी सेवा स्वतःच्या हातांनी केली आणि त्याचे मरणही पाहिले. त्यातून अपंग व असाध्य रोग्यांसाठी आश्रमांची मालिका सुरू झाली. १९५० च्या दशकाच्या मध्यास ते मुंबईस आले आणि भारतातील त्यांचा पहिला आश्रम अंधेरी येथे उभा राहिला. १९५९ साली त्यांचा विवाहही मुंबईतच झाला. वधू होत्या स्यू रायडर, युद्धपीडितांच्या सेवेसाठी त्यांच्याइतक्याच प्रसिद्ध.

येथे वाचकांस सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल की, नागासाकीचे पाप चेशायर यांनी सेवेने धुऊन काढले. खुद्द चेशायर यांस ही मांडणी मान्य नव्हती. अणुबाँबने युद्ध संपविले व माणसे वाचविली, असे ते शेवटपर्यंत म्हणत. १९८५ साली लिहिलेल्या पुस्तकातही त्यांनी तेच मांडले. म्हणजे गणित टिबेट्स यांचे आणि त्यांचे एकच होते. फरक असा की, त्या गणिताने टिबेट्स यांचा प्रश्न सुटला आणि चेशायर यांचा सुटला नाही. जे केले ते बरोबर होते असे मानूनही त्याच्यामुळे आपणांवर काही देणे उरते, असे त्यांचे आचरण सांगते. अपराध कबूल केल्यावाचून कर्ज कबूल करता येते, ही गोष्ट मला या सर्व इतिहासात सर्वांत विचार करावयास लावते. १९९२ साली ते वारले.

राहिले रॉबर्ट ल्यूइस, ‘एनोला गे’चे सहवैमानिक. उड्डाण चालू असता ते एका वहीत टिपणे लिहीत होते. वार्ताहर विल्यम लॉरेन्स यांनी तसे सुचविले होते, आणि ल्यूइस यांनी ती आईवडिलांस लिहिलेल्या पत्राच्या रूपात लिहिली. स्फोटानंतरच्या नोंदीत आपण हे काय केले असा देवास उद्देशून केलेला उद्गार आहे. तो जगप्रसिद्ध झाला. त्यांच्या सोबत्यांपैकी काहींस मात्र त्या क्षणी त्यांनी काढलेले वेगळेच, उत्साहाचे शब्द आठवत होते. दोन्ही खरे असू शकते. तोंडाने एक निघते आणि हात काही वेळाने दुसरे लिहितो. ती वही १९७१ साली लिलावात ३७,००० डॉलरना विकली गेली.

युद्धानंतर ल्यूइस एका मिठाईच्या कारखान्यात नोकरी करीत होते. ११ मे १९५५ रोजी त्यांस लॉस एंजेलिस येथे टेलिव्हिजनच्या एका लोकप्रिय कार्यक्रमात आणले गेले. कार्यक्रम होता हिरोशिमाचे धर्मोपदेशक कियोशी तानिमोतो यांच्या जीवनावर. बाँबने चेहरे विद्रूप झालेल्या पंचवीस मुलींस शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेत आणण्याच्या खटपटीत ते होते. ज्या पाहुण्याची गाठ पडणार तो कोण, याची तानिमोतोंस कल्पना नव्हती. त्यांची पत्नी व मुलेही जपानहून गुपचूप आणली होती. दोन मुली पडद्याआड उभ्या होत्या, त्यांच्या सावल्याच काय त्या दिसत होत्या. अशा त्या झगमगाटात ल्यूइस पुढे आले आणि त्यांनी अडखळत आपण काय पाहिले ते सांगितले. नंतर आपल्या व कारखान्यातील सहकाऱ्यांच्या वतीने मुलींच्या निधीसाठी चेक दिला. करमणुकीसाठी अशी गाठ घालून देणे मला तरी किळसवाणे वाटते. पण त्यातून जे घडले ते कार्यक्रम करणाऱ्यांच्या हातात नव्हते.

ल्यूइस त्या दुपारी मद्यालयांतून फिरत होते, असे हिरोशिमाविषयीच्या सर्वांत प्रसिद्ध वृत्तान्ताचे लेखक जॉन हर्सी यांनी लिहिले आहे. त्यांच्या बोलण्यातील कंप मद्याचा होता की दुःखाचा, यावर पुष्कळ चर्चा झाली. पण त्या व्यासपीठावर एक साक्षीदार अगदी जवळ उभी होती. तानिमोतोंची मुलगी कोको त्या वेळी दहा वर्षांची होती; बाँब पडला तेव्हा ती आठ महिन्यांची, आईच्या कुशीत, कोसळलेल्या घराखाली सापडली होती. ज्याने हे केले तो माणूस कधी सापडला तर त्यास बुक्के मारीन, चावा घेईन, असे तिने लहानपणापासून ठरविले होते. पुढे मोठेपणी तिने अनेक ठिकाणी, शाळाशाळांतून, त्या संध्याकाळची हकीकत सांगितली. ती टक लावून त्याच्याकडे पाहत होती. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. ती हळूच त्याच्या बाजूस सरकली आणि तिने त्याचा हात धरला. त्याने तिचा हात घट्ट धरून ठेवला.

त्यानंतर ल्यूइस अठ्ठावीस वर्षे जगले. बाँब टाकणे आवश्यक होते, हे मत त्यांनीही सोडले नाही. उतारवयात ते दगडावर कोरीवकाम करू लागले. १९८३ साली ते वारले तेव्हा त्यांनी मागे ठेवलेल्या शिल्पांत हिरोशिमावरचा तो ढगही होता, दगडात कोरलेला.